रंगाखाली दबलेला अर्थ

गेल्या वर्षीच्या अक्षय्य तृतीयेला, चंद्रपूर शहराबाहेरच्या एका बंद पडलेल्या आरागिरणीच्या आवारात, सत्तर वर्षांपूर्वीच्या एका फार्गो ट्रकची यथासांग पूजा झाली, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटले, चाकांखाली लिंबे ठेवली गेली, नारळ फुटला, जमलेल्या पंधरावीस मंडळींत पेढे वाटले गेले, आणि हे सर्व सोपस्कार उरकल्यावर, ज्या क्षणासाठी आठ महिने खटाटोप चालला होता तो क्षण आला तेव्हा, सेल्फने दोनचार वेळा कण्हल्यासारखा आवाज केला आणि इंजिन मुके राहिले. मंडळींनी परस्परांकडे पाहिले. कोणीतरी मुहूर्ताविषयी शंका काढली.

ट्रक माझ्या एका स्नेह्यांचा; त्यांचे वडील जंगलाचे कंत्राटदार. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यापूर्वी सिरोंच्यापासून वरोऱ्यापर्यंतचा सगळा मुलूख एकाच चांदा जिल्ह्याच्या दफ्तरात होता, आणि त्या मुलखाचा मुख्य व्यवहार म्हणजे सागवान. आलापल्ली-अहेरीकडच्या कूपांत तोड व्हायची, ओंडक्यांवर हातोड्याची निशाणी पडायची, वाहतुकीचा परवाना निघायचा, आणि मग तो माल नाकी ओलांडीत बल्लारशाच्या विक्री आगारात लिलावासाठी येऊन पडायचा. १९२९ साली काझीपेटकडचा लोहमार्ग जोडला गेल्यापासून बल्लारशाहून उत्तर आणि दक्षिण दोन्ही दिशा मोकळ्या झाल्या होत्या. जंगलातून ओंडके ओढून रचण्याचे काम वनखात्याचे हत्ती करीत, ज्यांचे वारस आज कमलापूरच्या तळावर पर्यटकांच्या कौतुकाचा विषय झाले आहेत. आणि तेथून पुढचे, धुळीचे, चढउतारांचे, पावसाळ्यात बंद पडणारे अंतर कापण्याचे काम ट्रकांचे. महायुद्ध संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेल्या गाड्या कंत्राटदारांच्या हाती आल्या, आणि पाठोपाठ वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यात जोडलेल्या डॉज आणि फार्गो गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. त्या पेट्रोलवर चालत. १९५४ साली जमशेदपुराहून टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक निघू लागले आणि स्वस्त इंधनापुढे पेट्रोलच्या ट्रकांचा निभाव लागणे कठीण झाले. डिझेलच्या इंजिनात ठिणगीच नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. म्हणजे पेट्रोलच्या ट्रकाबरोबर ठिणगीची विद्याही मालवाहतुकीतून निवृत्त झाली, आणि आमच्या फजितीचे मूळ कारण मला यातच दिसते.

फजिती सविस्तर सांगितली पाहिजे. स्नेह्यांनी ट्रकाचा जीर्णोद्धार फार प्रेमाने केला होता. सांगाड्याचा गंज वाळूच्या माऱ्याने काढला, त्यावर अस्तराचे दोन आणि रंगाचे तीन हात दिले, मागची फळी अस्सल आलापल्लीच्या सागवानाची केली, आणि इंजिनाच्या बाबतीत तर असा उदार हुकूम सोडला की जे जे जुने असेल ते ते नवे आणावे. त्यानुसार प्लग नवे, कॉइल नवी, पॉइंट नवे, कंडेन्सर नवा, डिस्ट्रिब्युटरची टोपी नवी, सगळ्या वायरी नव्या. इतके नवे असताना ठिणगी का पडू नये, या प्रश्नाचे उत्तर म्हणून पुढले तीन आठवडे आम्ही नव्याच्या जागी आणखी नवे बसवीत राहिलो. जो भेटे तो एक भाग सुचवी, आणि सुचवलेला भाग दुसऱ्या दिवशी नागपूरहून येई. निदानाची ही पद्धत आमच्याकडे फार लोकप्रिय आहे, आणि ती केवळ ट्रकांपुरती मर्यादित नाही. पण तो विषय वेगळा.

माझा दोष मी पदरात घेतो. मी तीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले. फळ्यावर ठिणगीची आकृती मी डोळे मिटून काढू शकतो: बॅटरीतून निघालेला प्रवाह कॉइलच्या जाड तारेच्या वेटोळ्यातून वाहतो, तेथे चुंबकत्व साठते, इंजिनाबरोबर फिरणारा कॅम नेमक्या वेळी पॉइंट उघडतो, प्रवाह तुटतो, चुंबकत्व कोसळते, आणि त्या कोसळण्यातून बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरावीस हजार व्होल्टांचा दाब उत्पन्न होऊन प्लगच्या फटीत ठिणगी पडते. सहा सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला शंभर वेळा हे नाट्य निर्विघ्न पार पडावे लागते, आणि पॉइंटांची फट असते अवघी अर्ध्या मिलिमीटरएवढी. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बसवलेली ही व्यवस्था १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत आली आणि पुढे साठसत्तर वर्षे जगभरच्या मोटारी तिच्यावर धावल्या. हे सर्व मला ठाऊक होते. आमच्या ट्रकाची ठिणगी कुठे अडली आहे, हे मात्र ठाऊक नव्हते.

अखेर बल्लारपूरहून एका वृद्ध मिस्त्रींना आणले. बाराव्या वर्षी ते एका कंत्राटदाराच्या ट्रकावर क्लीनर म्हणून लागले, पुढे पेट्रोलच्या गाड्या संपल्या तेव्हा डिझेल शिकले, आणि आता नातवाच्या गॅरेजात खुर्ची टाकून बसतात. आम्ही त्यांच्यापुढे नव्या भागांची यादी वाचली आणि उरलेला कोणता भाग मागवावा असे विचारले. त्यांनी यादीकडे पाहिलेही नाही. "काहून घाई करून राहिले, सर?" ते म्हणाले. "आधी हँडल मारून तं पाहू द्या."

सेल्फ असताना हँडल मारण्याची ही मागणी आम्हाला थोडी अपमानास्पदच वाटली. तरीही हँडल शोधले, स्नेह्यांच्या मुलाने ते समोरून अडकवून जोर लावला, आणि तिसऱ्या हिसक्याला, तीन आठवडे पूजा, पेढे आणि नागपूरचे टपाल यांपैकी कशालाही दाद न देणारे ते इंजिन एकदम खोकून चालू झाले. टाळ्या पडल्या. मिस्त्रींनी ते लगेच बंद करायला लावले, कारण त्यांच्या दृष्टीने काम झाले नव्हते. नुकतीच पहिली साक्ष नोंदली गेली होती.

त्या साक्षीचा अर्थ असा. हाताने फिरवल्यावर ठिणगी पडते, त्याअर्थी कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, प्लग ही सगळी मंडळी निदान कामापुरती निर्दोष आहेत. सेल्फने फिरवल्यावर पडत नाही, त्याअर्थी सेल्फ चालू असतानाच कोठेतरी विजेचा अपहार होतो आहे. ट्रक त्या काळच्या पुष्कळ अमेरिकी गाड्यांप्रमाणे सहा व्होल्टांचा. एवढे जड इंजिन सहा व्होल्टांवर फिरवायचे तर सेल्फला दोनशे अँपिअर आणि त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. मिस्त्री खाली वाकले, सांगाडा आणि इंजिन यांना जोडणाऱ्या विणीव तांब्याच्या पट्टीवरून त्यांनी बोट फिरवले, आणि खिशातल्या चाकूने पट्टीच्या नटाखालचा सुंदर, तुकतुकीत, तीन हातांचा हिरवा रंग खरवडायला सुरुवात केली. स्नेह्यांचा जीव कासावीस झाला. मिस्त्री मान वर न करता म्हणाले, "अर्थ नाही लागून राहिला."

सगळ्या गॅरेजांत इंग्रजी 'अर्थ' मराठी अर्थासारखाच उच्चारला जातो, आणि या श्लेषाचे श्रेय कोणाला द्यावे हे मला माहीत नाही. पण इंजिन रबराच्या उशांवर बसवलेले असल्यामुळे सांगाड्याशी त्याचा विद्युत्संबंध राहतो तो मुख्यत्वे या एका पट्टीतून, आणि तिच्याखाली रंग गेला की सगळी भिस्त बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम मिळणाऱ्या स्पर्शावर येते. उत्सुकतेपोटी मी पुढे मोजून पाहिले: तो अडथळा ओहमच्या शंभराव्या भागाएवढा भरला. ठिणगीच्या मंडलाला लागतो चारपाच अँपिअरांचा प्रवाह. एवढ्या प्रवाहाला हा अडथळा जाणवतही नाही, आणि म्हणूनच ज्याने ज्याने दिव्याची टेस्टर लावून पाहिली त्या प्रत्येकाने "करंट बरोबर आहे" अशी जबानी दिली होती. पण सेल्फचे दोनशे अँपिअर त्याच अडथळ्यातून जाऊ लागले की गुणाकाराने दोन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. सहांतले दोन गेले, ताणाखाली बॅटरी स्वतःच थोडी खचते, आणि उरल्यासुरल्यावर सेल्फ कण्हतो व कॉइल उपाशी राहते. हा ओहमचा नियम. मी तो तीस वर्षे शिकवला आणि चाकूच्या टोकाने दाखवून दिला तेव्हा मला तो दिसला. रंग खरवडून, नट आवळून, पट्टीवर ग्रीस लावल्यावर सेल्फने इंजिन असे गरकन फिरवले की जवळच्या चिंचेवरचे कावळे उडाले.

प्रकरण येथे मिटायला हवे होते, मिटले नाही. आवारात वीसेक मिनिटे फिरवल्यावर इंजिन अडखळले आणि बंद पडले. मे महिन्याचा उत्तरार्ध, चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे. साहजिकच उपस्थितांचा निर्णय झाला की नळीत पेट्रोल उकळून त्याची वाफ अडली आहे, आणि कोणी पेट्रोलपंपावर ओले फडके गुंडाळू लागले. दुसऱ्या एका गृहस्थांनी हल्लीच्या पेट्रोलमधल्या वीस टक्के इथेनॉलला दोष दिला. जुन्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही हे खरे आहे, आणि जुन्या गाड्यांच्या मालकांनी नळ्या बदलाव्यात हेही खरे. पण या गुन्ह्यात त्याचा हात नव्हता. मिस्त्रींनी इंजिन गरम असतानाच, एक क्षणही वाया न घालवता, प्लगची एक वायर काढून ब्लॉकपासून थोड्या अंतरावर धरली आणि सेल्फ मारायला सांगितले. जी ठिणगी निळी आणि कडकडीत हवी ती पिवळी, केसासारखी, कधी पडणारी कधी न पडणारी अशी निघाली. पेट्रोल निर्दोष सुटले. बिघाड शोधताना ही तातडी फार महत्त्वाची. अर्धा तास थांबून इंजिन निवल्यावर तपासणी केली असती तर ठिणगीही निर्दोष ठरली असती आणि ओले फडके श्रेय घेऊन गेले असते.

डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली तेव्हा अवघ्या वीस मिनिटांपूर्वी कोरे असलेले पॉइंट काळेनिळे पडलेले दिसले. हा कंडेन्सरचा हस्ताक्षरासह कबुलीजबाब होय. पॉइंट उघडतात त्या क्षणी तुटू पाहणारा प्रवाह फटीतून उडी मारू बघतो. कंडेन्सर त्याला क्षणभर आपल्या पोटात घेतो, म्हणून तोड स्वच्छ होते, चुंबकत्व झटक्यात कोसळते आणि ठिणगीला बळ येते. कंडेन्सर दुबळा असेल तर ती उडी पॉइंटांवरच जळते, चुंबकत्व रेंगाळत उतरते, आणि प्लगपर्यंत पोहोचते ती उरलीसुरली आच. थंड असताना हा नवा कंडेन्सर बरा वागत होता. तापताच आतले निरोधन ढिले पडत होते. तो कोणी बनवला, कोणी विकला, याची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. मिस्त्रींनी पिशवीतून बिस्किटांचा एक जुना डबा काढला, त्यातून कधीकाळी भंगारातल्या गाडीचा उतरवलेला एक मळकट कंडेन्सर निवडला, पुसला आणि बसवला. मी म्हणालो, हा पन्नास वर्षांचा तरी असेल. "नवीन म्हणजे चांगलं, असं कोणी सांगतलं तुमाले?" त्यांनी विचारले. ट्रक त्या दिवसापासून त्याच कंडेन्सरवर आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. जुन्याच्या जतनाविषयी आपल्याकडे दोनच विचार प्रचलित आहेत: एक तर ते भंगारात द्यावे, नाहीतर रंगवून चौथऱ्यावर ठेवावे. पहिल्या विचाराला कायद्याचे पाठबळ आहे. पंधरा वर्षे पुरी झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात आणणारा केंद्राचा आदेश लागू झाला, आणि लष्करी व अंतर्गत सुरक्षेची विशेष वाहने वगळता खात्याखात्यांच्या आवारातली वाहने मोडीच्या केंद्रांकडे जाणार हे ठरले. धूर ओकणारी मोडकी गाडी रस्त्यावर नसावी, याविषयी माझे दुमत नाही. माझा आक्षेप एवढाच की, या झाडझुडीत एखादे वाहन इतिहासाचे साधन म्हणून वेगळे काढावे, अशी तजवीज कोणी केलेली मला दिसत नाही.

ऐतिहासिक वाहनांसाठी म्हणून जो नियम २०२१ च्या जुलैत आला, तो वाचून तर माझी निराशा अधिकच झाली. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला वीस हजार रुपये शुल्क भरून 'व्हीए' या अक्षरांची खास नोंदणी मिळते, प्रदर्शनाला आणि फेरीला ते नेता येते. पण ते असावे दुचाकी किंवा चारचाकी, खासगी वापराचे, आणि मूळ स्वरूपात राखलेले. म्हणजे संस्थानिकाची मोटार वारसा ठरते, डॉक्टरांची मोटारसायकल वारसा ठरते, आणि ज्याने आयुष्यभर भाड्याने ओझे वाहिले तो ट्रक दारातच अडतो. मूळ स्वरूपाची अट तर ट्रकाच्या बाबतीत अर्थशून्यच म्हणावी लागेल. आपल्याकडे कारखान्यातून सांगाडा आणि इंजिन येई. केबिन आणि हौदा बांधत गावोगावचे सुतार-लोहार, आणि जंगलातल्या गाडीचा हौदा तर दर काही वर्षांनी नव्याने बांधला जाई. आमच्या फार्गोचा हा किमान चौथा हौदा आहे. त्याचे मूळ स्वरूप कोणते मानावे? हा नियम करताना बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी असलेली मोटार डोळ्यांपुढे होती, आगारात उभा असलेला ट्रक नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे; आणि मालवाहू वाहनांसाठी त्यात स्वतंत्र कलम घालावे, ही मागणी आमच्या दोन जिल्ह्यांनी करायची नाही तर कोणी करायची? २०२२ साली कमलापूरचे हत्ती गुजरातेत हलवण्याची वार्ता आली तेव्हा हाच मुलूख एकमुखाने बोलला होता. २०२३ च्या मार्चात अयोध्येच्या मंदिरासाठी येथले सागवान मिरवणुकीने रवाना झाले तेव्हाही रस्ते माणसांनी फुलले होते. लाकडाला मिरवणूक मिळाली, हत्तींना कैवारी मिळाले. ट्रक तेवढा राहिला.

रंगवून चौथऱ्यावर ठेवण्याच्या दुसऱ्या विचाराविषयी आमच्या ट्रकानेच पुरेसे सांगितले आहे. न चालणाऱ्या यंत्राचे जतन हे त्याच्या कातड्याचे जतन. त्यात पॉइंटांची फट कोणी मोजत नाही, कंडेन्सरची कोणी विचारपूस करीत नाही, आणि ज्या हातांना ती विद्या येते ते हात तिच्यासकट निघून जातात. आज सुरजागडचे लोहखनिज घेऊन आष्टीच्या रस्त्याने धावणाऱ्या अजस्र गाड्यांचा बिघाड संगणक सांगतो. त्यावर काम करणारी मुले हुशार आहेत, मला त्यांचा आदर आहे, पण उघडा पॉइंट त्यांच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला असेल. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बिघाड ताजा असतानाच पुरावा गोळा करावा, जे निर्दोष ठरले त्याला पुन्हा छळू नये, हा जो पंचनाम्याचा शिस्तशीर क्रम मिस्त्रींच्या हातात आहे तो पॉइंट असोत की संगणक असो, दोन्हीकडे सारखाच उपयोगी आहे, आणि तो शिकवायला उघड्या, साध्या, डोळ्यांना दिसणाऱ्या ठिणगीहून सोपे साधन मला तरी ठाऊक नाही.

म्हणून माझी विनंती चंद्रपूरच्या वन प्रबोधिनीला आणि वनविकास महामंडळाला आहे. सागवानाच्या वाहतुकीचा इतिहास तुमच्या आगारांनी घडवला. त्या काळचा एक पेट्रोल ट्रक, मिळेल तेथून मिळवून, चालत्या स्थितीत ठेवावा, महिन्यातून एकदा तो सुरू करावा, आणि त्या दिवशी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या मुलांना बोलावून एखाद्या वृद्ध मिस्त्रींच्या शेजारी उभे करावे. यासाठी मोठी तरतूद लागणार नाही. मानधन, पेट्रोल आणि एक छप्पर एवढ्यावर भागेल. ज्यांच्या वाड्यामागे असा ट्रक गवतात उभा असेल त्यांनाही सांगणे एकच: त्याचे जुने भाग फेकू नका, आणि रंगाऱ्याच्या आधी मिस्त्रीला बोलवा. आमच्या मिस्त्रींना येत्या श्रावणात ब्याऐंशी पुरी होतील.